जुन्या गोव्यात शिरायचं तर नदीकडून

मंडळी, जुने गोवे हे तटबंदीचं, वेशींचं, बाजारपेठेचं एक भरलेलं शहर होतं. आपण त्याला दोन चर्चांचं आवार करून टाकलंय आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बस येते, बॉम जीझसमध्ये एक फेरी, समोर से कॅथेड्रल, चार फोटो, एक शहाळं, की बस निघाली मंगेशीला. ज्या शहरासाठी आदिलशहा आणि पोर्तुगीज एकमेकांच्या जिवावर उठले, ते शहर बघायचं राहूनच जातं.

परवा बेळगाव-कोल्हापूरकडचे कॉलेजचे मित्र गाडी घेऊन डिचोलीला घरी आले होते. त्यांना म्हटलं, हायवेनं जायचं नाही, नार्व्याला चला. आधी सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. गोव्याच्या कदंब राजांचा हा देव मूळचा समोरच्या दिवाडी बेटावरचा. तिथलं देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर भक्तांनी देव नदीच्या अलीकडे आणला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. कोल्हापूरचा मित्र पायरीला हात लावून बराच वेळ गप्प उभा होता. मग गाडीसकट फेरीबोटीतून दिवाडीला, बेट ओलांडून पुन्हा दुसरी फेरीबोट. धक्क्यावर उतरलं की चार पावलांवर व्हाइसरॉयची कमान.

शहरात असं शिरायचं असतं! नवा पोर्तुगीज व्हाइसरॉय मांडवी नदीतून यायचा आणि याच कमानीखालून आत जायचा. ती उभारली वास्को द गामाच्या पणतूनं, फ्रान्सिस्को द गामानं. सध्याचं बांधकाम १९५४ मधल्या दुरुस्तीचं आहे. कमानीवर नदीकडे तोंड करून पणजोबांचा पुतळा. पलीकडे सुरू व्हायची रुआ दिरैता, शहराची मुख्य बाजारपेठ. आज तिथे झाडं आणि डांबरी रस्ता.

तिथून जवळच, सेंट काजेतान चर्चच्या आवारात, आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा उभा आहे. नुसता दरवाजाच! आजूबाजूला भिंत नाही, मागे वाडा नाही. काळ्या दगडाचे दोन खांब, वर आडवी तुळई, पुढे पायऱ्या आणि बाजूला जाळीचे उरलेले तुकडे. खांबावरचं कोरीवकाम बोटानं चाचपता येतं. चिऱ्याच्या आणि चुन्याच्या त्या सगळ्या पसाऱ्यात हा काळा दगड एकदम वेगळा दिसतो. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात कितीतरी माणसं त्याच्या बाजूनं गेली, थांबलं कुणी नाही. बेळगावचा मित्र म्हणाला, "अरे, हे माझ्या गावात असतं तर आम्ही रोज याच्यासमोर पणती लावली असती." मला ते फार लागलं.

तट शोधायचा असेल तर सेंट कॅथरीनच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराकडे जा. २५ नोव्हेंबर १५१० ला, सेंट कॅथरीनच्या दिवशी, पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क शहरात शिरला. तो जिथून शिरला ती वेस इथेच होती, असं तिथला शिलालेख सांगतो. म्हणजे आपण तटावर उभे असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. पुढे साथींनी शहर पोखरलं, माणसं निघून गेली, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. इथले दगड उचलून तिकडे घरं उभी राहिली. सेंट ऑगस्टीन चर्चची कमानदार छतं १८४२ मध्ये कोसळली. त्याचा ४६ मीटरचा मनोरा कधीकाळी केवढा असेल, हे त्याचं उरलेलं अंग बघूनही कळतं.

याच्याही आधीचं गोवा बघायला आम्ही तसेच दक्षिणेला निघालो. गोवा वेल्हा, आगशी. इथेच कदंबांचं गोपकपट्टण, जुवारीकाठचं बंदर. आज आपण नव्या पुलावरून भुर्रकन जातो. मग मडगावला जेवून चांदर.

चांदर म्हणजे चंद्रपूर, भोज राजांची आणि नंतर कदंबांची राजधानी. अकराव्या शतकात कदंबांनी इथून गोपकपट्टणला बस्तान हलवलं. कुशावती नदीकाठच्या या वस्तीला आजही कोट म्हणतात, कारण इथे किल्ला होता. १९२९ मध्ये इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं आणि देवळाचा पाया सापडला. त्या पायाजवळ दगडी नंदी बसलाय. त्याला डोकं नाही. पाठीवरच्या माळा मात्र अजून स्पष्ट आहेत. चांदरला येणारे बहुतेक लोक मिनेझिस ब्रागांझांचं घर बघून परततात. घर सुंदर आहे, जरूर बघा. पण तिथून नंदी काही फार लांब नाही.

राज्यभर सरकारी 'कदंबा'च्या बसमधून आपण फिरतो, तिच्यावरचा सिंह रोज बघतो. ज्या घराण्याचं ते नाव आणि तो सिंह, त्याची राजधानी किती जणांनी पाहिलीय? शाळांच्या सहली वॉटरपार्कला जातात. एकेका वर्गाला एकदा तरी चांदरला न्या.

माझं म्हणणं एवढंच. जुन्या गोव्यात शहराचा मोठा नकाशा लावा, अगदी फेरीच्या धक्क्यावर, मराठी-कोकणीत. तट कुठून जात होता ते जमिनीवर वेगळ्या रंगाच्या फरशीनं दाखवा. कपेलासमोरच्या शिलालेखाचा मजकूर वाचता येईल अशा भाषेत शेजारी लिहा. यासाठी कुठली भिंत पाडावी लागत नाही, कुणाचं देऊळ-चर्च हलवावं लागत नाही. पंचायतीत, ग्रामसभेत हा विषय काढायला मी तयार आहे. तिसवाडी आणि सासष्टी तालुक्यांतले जे कोणी सोबत येतील त्यांनी खाली लिहा.