२८ रुपयांची सीडी आणि दोन काळ्या लॅब्रेडॉर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर कडाक्याचं भांडण झालं. शुक्रवारी एक मराठी चित्रपट लागला आणि शनिवारी रात्री सांगलीच्या भाच्यानं त्याची टेलिग्रामवरची लिंक ग्रुपवर टाकली. थिएटरात मोबाइल धरून चोरलेली प्रिंट होती. मधूनच पडद्यावर कुणाचं तरी डोकं आडवं येत होतं. पुण्याचा दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, खवळला. भाचा म्हणाला, "मामा, इथं एकच शो आहे, सकाळी पावणेदहाचा. माझी ड्युटी नऊला सुरू होते. मी बघायचा कधी?" दादाचं उत्तर तयार होतं: असल्यांना एमपीडीए, म्हणजे महाराष्ट्राचा स्थानबद्धतेचा कायदा, लावून वर्षभर आत टाका. मग मला उद्देशून म्हणाला, "तुमच्या मलेशियात सीड्या हुंगायला कुत्री आणली होती ना? तसलं काहीतरी पाहिजे इथं."

आणली होती, खरंच. मी २००५ पासून मलेशियातल्या पेटालिंग जयात राहतो. ती कुत्री आली ते वर्ष मला चांगलं आठवतं, म्हणून दादाला चार ओळींत उत्तर देऊन भागेना.

लकी आणि फ्लो अशी त्यांची नावं. दोघी काळ्या लॅब्रेडॉर, उत्तर आयर्लंडमध्ये तयार झालेल्या. त्यांचा खर्च हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंच्या संघटनेनं उचलला होता. २००६ मध्ये लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावर कुरिअरच्या खोक्यांवर त्यांची पहिली चाचणी झाली आणि मार्च २००७ मध्ये त्या मलेशियात आल्या. सीडी-डीव्हीडी पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. ते प्लॅस्टिक आणि तबकडी बनवताना वापरलेली रसायनं यांचा वास ओळखायला त्यांना शिकवलं होतं. आल्या आल्या सिंगापूरच्या सीमेवरच्या जोहोर बारूमध्ये एका कार्यालयी इमारतीत त्यांनी साठा हुडकला. सुमारे दहा लाख तबकड्या निघाल्या. त्यानंतर काही दिवसांतच बातमी आली की चोरट्या टोळ्यांनी या दोघींच्या जिवावर इनाम लावलंय. पेपरात त्यांचे फोटो मंत्र्यांसोबत छापून यायचे. ऑगस्टमध्ये मलेशिया सरकारनं त्यांना पदकं दिली. कुत्र्याला हात लावण्याबद्दल इथल्या मलय मुस्लिम घरांत धार्मिक संकेत कडक आहेत, तरी त्या दोघींचं कौतुक सगळ्यांनी केलं. आमच्या ऑफिसातला मलय सहकारी रोज सकाळी मला विचारायचा, आज कुठं सापडलं?

ही टोळ्यांची भानगड किती मोठी होती ते क्वालालंपूरच्या पेटालिंग स्ट्रीटवर एक फेरी मारली की कळायचं. घड्याळं, पर्सा, टी-शर्ट यांच्या गर्दीत एका टेबलावर नुसती कव्हरांची वही असायची, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लावलेली रंगीत कागदं. टेबलामागचं चिनी पोरगं माझा चेहरा बघून ओरडायचं, "बॉस! फिलेम हिंदुस्तान आडा!" म्हणजे हिंदी पिक्चर आहेत. कव्हरावर बोट ठेवलं की ते पोरगं गल्लीत पळायचं आणि दोन मिनिटांत तबकडी घेऊन यायचं. माल टेबलावर कधीच नसायचा. लांबून शिट्टी वाजली की वही मिटून टेबल उचललं जायचं. जिथं दहा सेकंदांपूर्वी दुकान होतं तिथं मोकळा फुटपाथ. अर्ध्या तासानं सगळं पुन्हा जागेवर.

म्हणून ती कुत्री मला आवडली होती, अजूनही आवडतात. छापा म्हटलं की पोलीस टेबलापर्यंत जातात, कारण टेबल दिसतं. कुत्र्याला टेबलाशी काही देणंघेणं नाही. जिथं वास दाट तिथं ते जाणार. भिंतीमागं, बंद शटरमागं, गोदामात. पोरगं सुटलं तरी चालेल, पण गोदाम सापडलं पाहिजे. दादरला नाहीतर फुले मार्केटला मी लहानपणापासून छापे बघितले. दर वेळी हातगाडीवालाच व्हॅनमध्ये बसायचा.

पण दादा, त्या नाकाची एक मर्यादा होती आणि ती आणणाऱ्यांनी कधी लपवली नाही. लकी-फ्लोला खरी सीडी आणि चोरीची सीडी यातला फरक कळत नव्हता. कळणार कसा? प्लॅस्टिक तेच. कुत्री दाखवणार की इथं तबकड्या आहेत. त्या कुणाच्या, कुणाच्या परवानगीनं छापल्या, हे माणसानंच शोधायचं. मलेशियाला ते शोधता आलं, कारण कुत्री यायच्या आधी सात वर्षं त्यांनी कायदा करून ठेवला होता. २००० सालच्या त्या कायद्यानं तबकड्या छापणाऱ्या कारखान्याला परवाना लागू झाला आणि प्रत्येक तबकडीवर कारखान्याची खूण सक्तीची झाली. पुढं अस्सल मालावर चकचकीत होलोग्रामचं लेबल आलं. म्हणजे तबकडी हातात आली की ती कुठल्या मशीनवर छापली हे विचारायची सोय होती. भारतात असा स्वतंत्र कायदा करायची चर्चा झाली, कायदा झाला नाही. आपण नुसती कुत्री आणली असती तर ती दिवसभर भुंकली असती आणि रात्री व्हॅनमध्ये पुन्हा तो हातगाडीवालाच.

आणि त्याच २००७ साली आपल्याकडे जे झालं ते मला कुत्र्यांपेक्षा मोठं वाटतं. मोझर बेअर या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीनं चित्रपटांचे हक्क विकत घेऊन अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. अनेक भाषांतले चित्रपट होते, त्यात मराठीही होते. किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात, बिस्किटांच्या शेजारी सीड्या टांगलेल्या. फुटपाथवरची चोरीची सीडी त्याहून फार स्वस्त नव्हती. इथं पेटालिंग स्ट्रीटवर मी पाच-सहा रिंगिट मोजत होतो, तेव्हाच्या भावानं साठ-सत्तर रुपये. ते मी मोजत होतो, हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं आहे. मराठी चित्रपट तर त्या टेबलावरही नसायचा. कुणी पुण्याहून येताना कॉपी आणली की ती पुढं सगळ्या मंडळींत फिरायची. एकाच्या हॉलमध्ये वीस माणसं, पोह्यांच्या बश्या, आणि मध्येच अडकणारं चित्र.

२००८ च्या दिवाळीनंतर परत येताना मी सातारच्या पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातून एकेचाळीस सीड्या घेतल्या. चित्रपट, नाटकं, बाळासाठी बडबडगीतं. तोवर लकी-फ्लो परत गेल्या होत्या आणि मलेशियाची स्वतःची दोन कुत्री आली होती, पॅडी आणि मॅनी. आई म्हणाली, "अरे, पकडतील तुला." मी दुकानदाराकडून शिक्क्यासह पक्कं बिल घेतलं आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं. विमानतळावर कस्टमच्या बाईंनी बॅग उघडली. लाडवांच्या डब्याखाली सीड्यांची चळत होती. त्यांनी एक उचलली, उलटी केली, नखानं लेबल खरवडून बघितलं, बिलावरचा आकडा बघितला आणि विचारलं, "सगळ्या मिळून एवढेच?" एकेचाळीस अस्सल सीड्या तिथल्या शंभर रिंगिटांच्या आसपास. मी हो म्हणालो. त्यांनी बॅग बंद करायला मला मदत केली. त्या दिवशी छाती पुढं काढून बाहेर पडलो. पहिल्यांदाच मराठी नाटक विकत घेऊन घरी नेत होतो.

आता एमपीडीएबद्दल. १९८१ चा हा कायदा झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, अमली पदार्थवाले यांच्यासाठी झाला, धोकादायक व्यक्ती त्यात पुढं जोडल्या. २००९ मध्ये त्यात व्हिडिओ पायरेट घातले. यात खटला चालवावा लागत नाही. आदेश निघतो आणि माणूस बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध होऊ शकतो. दादा, शंभर सीड्या विकणाऱ्या माणसाला खटल्याशिवाय वर्षभर डांबणं मला मान्य नाही. मान्य असलेला कायदा वेगळा आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं थिएटरात चित्रपट चोरून टिपणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवलाय. दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तिथं पुरावा द्यावा लागतो, न्यायाधीश असतो. आणि तो थेट मोबाइल धरणाऱ्या हातावर आहे, जिथून ही चोरी सुरू होते.

चोरीला चोरी म्हणायला मी कचरत नाही. माझा कॉलेजातला मित्र मराठी चित्रपटांचं साउंड करतो. त्याच्या एका चित्रपटाच्या निर्मात्यानं गावची दीड एकर जमीन गहाण टाकली होती. दुसऱ्या आठवड्यात प्रिंट बाहेर आली आणि तिसऱ्या आठवड्यात चित्रपट उतरला. मित्राचे राहिलेले पैसे त्याला मागवेनात. तो फोनवर मला एवढंच म्हणाला, "कोल्हापुरातल्या लग्नाच्या बसमध्ये लावला होता रे, माझ्याच समोर."

पण भाच्याचा पावणेदहाचा शो? त्यावर दादानं ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यायला सांगितलं. मग त्यावर एवढा गदारोळ झाला की प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ अशी झाली. दुपारी बाराला कामावरचा माणूस येतो का? मला वाटतं खरं भांडण तिथं घालायला हवं, आणि दादासारख्या तळमळीच्या माणसानं घालायला हवं. २८ रुपयांच्या सीडीला बाजारात गिऱ्हाईक होतं. लोकांना पैसे देऊन बघायचं होतं. हातापर्यंत आलं, तेव्हा त्यांनी दिले.

मोझर बेअर दिवाळखोरीत गेली, २०१८ मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश झाला. माझ्या एकेचाळीस सीड्या कपाटात आहेत, त्या लावायला घरात यंत्र नाही. त्यातलं एक दोन अंकी नाटक लेकीला दाखवावं म्हणून परवा सगळ्या ॲपवर शोधलं. पैसे भरायची तयारी होती. कुठंच नाही. यूट्यूबवर आहे, कुणीतरी टीव्हीसमोर कॅमेरा ठेवून चढवलेलं, अर्ध्यावर तुटलेलं. लेकीनं विचारलं, लावू का? मी तिला थांबवलं आणि सीडीच्या मागं छापलेल्या हक्कधारकांचा पत्ता शोधून त्यांना पत्र टाकलंय. भाच्यालाही फोन केला. त्यानं लिंक काढली. त्याच्या सुट्टीचा वार सोमवार आहे आणि सोमवारपर्यंत तो शोही उतरला होता.