कावळ्यांची शाळा आणि १/२००० चा हट्ट

थंडी पडू लागली की छायाचित्रणाच्या गटांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. मथळा बदलतो, आतला माल तोच. संध्याकाळी रातथाऱ्यावर, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांवर, जमणाऱ्या कावळ्यांचा फोटो हवा असेल तर सूर्य बुडाला की पोहोचा. किमान ४०० मिमीची लेन्स घ्या. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली आणू नका, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० च्या वर नेऊ नका. पक्षी काळा, म्हणून एक्स्पोजर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवा. मोबाइलच्या नादी लागू नका. थवा झाडात बसून राहिला तर टाळ्या वाजवून किंवा फटाका लावून उडवा. नमुना म्हणून काळ्या ढगासारखा वळसे घेणारा एक झकास थवा जोडलेला असतो.

आधी त्या थव्याचंच बघू. असे वळसे कावळे घेत नाहीत, भोरड्या घेतात. भोरडी हिवाळ्यात आपल्याकडे येते, वितभर लांबीची, आखूड शेपटीची, टोकदार पंखांची. हजारो भोरड्या एका अंगाने वळतात आणि आभाळात आकार उमटतात. कावळा तिच्या जवळजवळ दुप्पट लांब असतो, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली आणि पंख मारणं सावकाश. तो रातथाऱ्याकडे येतो तो पाच-दहा-वीसच्या तुकड्यांनी, ठरलेल्या वाटेने, आणि हा ओघ तासभर चालतो. भोरड्यांचा फोटो डोक्यात ठेवून कावळ्यांकडे गेलेला माणूस आकार कधी होतोय याची वाट बघत बसतो आणि समोरून वाहणारी रांग त्याच्या नजरेतून सुटते.

‘सूर्य बुडाला की पोहोचा’

या सल्ल्याने निम्मा कार्यक्रम हुकतो. कावळे थेट रातथाऱ्यावर उतरत नाहीत. आधी आसपासच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर, नदीपात्र, मोकळी मैदानं इथे त्यांची शाळा भरते. ही जमवाजमव सूर्यास्ताच्या बरीच आधी सुरू होते, आणि गावकावळ्याची राखाडी मान, डोमकावळ्याची जाड चोच असं काही फोटोत दिसायला हवं असेल तर ते याच वेळात मिळतं. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पावणेपाचला जागेवर हवं.

दुसरी गोष्ट संधिप्रकाशाची. हे नियम बहुधा थंड देशांतल्या लेखांवरून उचललेले असावेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलला विद्यापीठाच्या आवारात हिवाळ्यात सोळा हजारांपर्यंत कावळे जमतात. तिथे डिसेंबरात सूर्य मावळल्यावर कामाचा उजेड सुमारे ३५ मिनिटं टिकतो, कारण सूर्य क्षितिजाखाली तिरका उतरतो. आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ सरळ खाली जातो आणि तेवढाच उजेड २३-२४ मिनिटांत संपतो. त्यांच्या वेळापत्रकावर चालणाऱ्याची आपल्याकडे बॅग उघडेपर्यंत तिन्हीसांज होऊन जाते.

आणखी एक फरक, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. तिकडच्या फोटोंत निष्पर्ण फांद्यांवर कावळे फळांसारखे लगडलेले दिसतात. आपले वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष आणि खाडीकाठची कांदळवनं डिसेंबरातही पानांनी भरलेली असतात. कावळा आत शिरला की दिसेनासा होतो, उरतो तो नुसता कलकलाट. तेव्हा आपल्याकडचा फोटो हवेतला किंवा उतरतानाचा. बसलेले कावळे हवेच असतील तर पान गाळलेली काटेसावर किंवा पांगारा, नाहीतर विजेच्या तारा आणि टॉवर शोधावेत. जानेवारी-फेब्रुवारी त्यासाठी बरा.

जागा हेरायला एक संध्याकाळ खर्च करावी. उंच गच्चीवर सूर्यास्ताआधी तासभर उभं राहिलं की कावळे कुठून कुठे जातात ती रेघ दिसते. मग अशी जागा घ्यायची की ती रेघ आपल्या आणि पश्चिमेच्या मध्ये येईल. एप्रिल ते जून हा खटाटोप करू नये. विणीच्या दिवसांत जोड्या घरट्यांशी अडकलेल्या असतात आणि रातथारे ओसरतात. पावसाळा सरला, नवी पिल्लं सामील झाली की गर्दी पुन्हा वाढते.

‘किमान ४०० मिमी हवी’

थोडं गणित करू. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स ५० मीटरवर जेमतेम साडेचार मीटर रुंदीचा तुकडा पकडते. त्यात चार-पाच कावळे मावतील, थवा नाही. ३५ मिमी त्याच अंतरावर ५० मीटर रुंदी देते, ७० मिमी सुमारे २५. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत ७० मिमीला कावळा नव्वदेक पिक्सेल लांब येतो आणि कावळा म्हणून ओळखू येतो. २४ मिमीला तो तीसेक पिक्सेलांचा स्वल्पविराम होतो. म्हणून ३५ ते १०० मिमीच्या पट्ट्यात बहुतेक काम भागतं.

लांब लेन्सचा खरा उपयोग लांबून आहे. रातथाऱ्यापासून अर्धा किलोमीटर दूर गेलं तर ४०० मिमीमध्ये ४५ मीटर रुंदी मावते, अख्खं झाड येतं आणि मागेपुढे उडणारे कावळे एकावर एक रचल्यासारखे दाट दिसतात. मात्र त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये शहराची हिवाळी धूळ आणि धूर असतो. वारा पडलेल्या संध्याकाळी हा प्रयोग फसतो.

‘शटर १/२०००, आयएसओ ४००’

या दोन अटी एकत्र पाळून काय होतं ते पाहू. आभाळ निरभ्र आहे, सूर्य मावळून पंधरा मिनिटं झाली आहेत, कॅमेरा पश्चिमेकडे आहे. एफ/५.६ (अपर्चर, म्हणजे लेन्सची उघडीप; आकडा जितका लहान तितकी ती मोठी) आणि आयएसओ ४०० ला कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर साधारण १/३० मागतं. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी १/८ मागतं. तिथे १/२००० लावणं म्हणजे आठ स्टॉप, अडीचशे पट कमी उजेड. फोटो काळा येतो, मग संगणकावर तो उजळायचा आणि आभाळभर रंगीत वाळू पसरायची. आयएसओ वाढवल्याने दाणे (नॉइझ) येतात हे खरं, पण कमी उजेडात घेऊन नंतर उजळलेल्या फोटोइतके वाईट नाही येत. त्यात हा फोटो छायाकृतीचा. कावळ्याच्या काळ्यात दाणा दिसत नाही, आणि सपाट आभाळातला दाणा काढणं हे डिनॉइझ सॉफ्टवेअरचं सगळ्यात सोपं काम. ३२०० किंवा ६४०० ला घाबरायचं कारण नाही.

आता वेग. कावळा सेकंदाला १० मीटर उडतो असं धरू. १/५०० सेकंदात तो दोन सेंटिमीटर सरकतो, १/२५० मध्ये चार. पन्नास मीटरवरून २४ मिमीला हे चार सेंटिमीटर फोटोत तीनच पिक्सेल होतात, डोळ्याला ते रेखीवच दिसतात. ४०० मिमीला तेच पन्नासहून जास्त पिक्सेल होतात. तिथे आडवा उडणारा कावळा १/२००० लाही सहा-सात पिक्सेल घसरतो. म्हणजे किती शटर पुरेल हे लेन्स आणि अंतर ठरवतात. एकच आकडा सगळ्यांना लागू करून उपयोग नाही. पंखाचं टोक अंगापेक्षा जोरात हलतं, ते थोडं पुसट झालं तर बिघडत नाही, उलट उडणं जाणवतं.

सुरुवातीला हे आकडे लावून पाहावेत, सगळे पश्चिमेच्या आभाळासाठी. सूर्यास्ताआधी वीस मिनिटं एफ/५.६, आयएसओ ४००, १/१०००. सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी एफ/४, १६००, १/५००. वीस मिनिटांनी एफ/२.८, ३२००, १/२५०. कॅमेऱ्यासोबत आलेली एफ/५.६ ची झूम असेल तर तिथे ६४०० आणि १/१२५. ढग किंवा धूर असेल तर एक-दोन स्टॉप इकडेतिकडे. डोक्यावरचं आणि पूर्वेचं आभाळ याहून दोन-तीन स्टॉप काळोखं असतं, म्हणून तिकडे तोंड करून उभं राहणाऱ्याचा खेळ दहा मिनिटं आधीच आटोपतो.

उजेड फारच गेला की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. ट्रायपॉड लावून अर्धा सेकंद शटर उघडं ठेवतात, कावळ्यांच्या रेघा येतील म्हणून. येतं ते रिकामं आभाळ. कारण साधं आहे. पांढऱ्या दिव्याची काळोखात रेघ उमटते, काळ्या पक्ष्याची उजेडात उमटत नाही. अर्ध्या सेकंदात कावळा पाच मीटर जातो, त्याचं अंग चाळीस सेंटिमीटर. म्हणजे आभाळाचा कुठलाही एक ठिपका तो जेमतेम बाराव्या भागापुरता झाकतो, उरलेला वेळ आभाळ तिथे उजेड ओतत राहतं आणि कावळा पुसला जातो. १/१५ ला तो ६०-७० सेंटिमीटर सरकतो, ठिपका अर्ध्याहून जास्त वेळ झाकला जातो आणि पंखांची काळी फटकाऱ्यासारखी खूण राहते. १/८ ला ती फिकी पडते. त्याखाली उतरू नये. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर थोपवतं, कावळ्याला थोपवत नाही. झाड रेखीव आणि कावळे फटकाऱ्यांसारखे, असं चित्र हवं असेल तर ट्रायपॉड आणि १/१५ ही जोडी.

फोकसचा उल्लेख त्या मजकुरात नाहीच, आणि फोटो सगळ्यात जास्त तिथे बिघडतात. हजार पक्षी समोर असताना ऑटोफोकस एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, उजेड कमी झाला की मागेपुढे हिंदकळत बसतो. उजेड असतानाच झाडाच्या कडेवर किंवा तेवढ्याच अंतरावरच्या टॉवरवर फोकस घ्यावा आणि लेन्स मॅन्युअलवर टाकावी. २४ मिमी एफ/२.८ ला सात मीटरवर फोकस केला तर साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं रेखीव येतं. २०० मिमीला ही चैन नाही, तिथे अंतर बदललं की फोकस पुन्हा घ्यावाच लागतो.

‘पक्षी काळा, दोन स्टॉप वाढवा’

इथे दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळले आहेत. उजळ आभाळासमोरच्या पक्ष्याची पिसं दिसायला हवीत तर एक्स्पोजर वाढवतात. फ्रेमभर काळाच पक्षी असेल तर मीटर फसून फोटो राखाडी करतं, तेव्हा ते उलट कमी करतात. दिवेलागणीच्या थव्याला यातलं काहीच लागू नाही. तिथे पिसं दिसणार नाहीत, दिसायला नकोतही. दोन स्टॉप वाढवले की केशरी पट्टा पांढरा पडतो आणि ज्यासाठी थांबलो ते आभाळच जातं. शून्य ते उणे एक यांच्या मध्ये ठेवावं, शक्य तर मॅन्युअल मोडवर आभाळाचं मोजमाप घेऊन, दर तीन-चार मिनिटांनी बदलत. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा संध्याकाळचा निळा-केशरी रंग ‘दुरुस्त’ करून टाकतो. डेलाइटवर ठेवावा आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्यावा.

‘मोबाइलने होत नाही’

होतं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं अपर्चर बऱ्याचदा एफ/१.८ च्या आसपास असतं, एफ/५.६ च्या झूमपेक्षा जवळजवळ दहापट उघडं. सेन्सर इवलासा, दाणे येणारच, पण आयएसओ १६०० ला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनीही १/३०० मिळतं. चुका दोन होतात. नाइट मोड चालू राहतो. तो अनेक फ्रेम जोडून एक करतो आणि हलणारे कावळे गायब करतो किंवा त्यांची भुतं ठेवतो. तो बंद करून प्रो मोड वापरावा. दुसरी चूक, बोटांनी चिमटून झूम करणं. त्याने कावळा मोठा होतो पण तपशील वाढत नाही, आणि काही फोनांत कमी उजेड घेणारी टेली (लांबचं जवळ आणणारी) लेन्स आपोआप लागते. मुख्य लेन्सवरच राहावं आणि झाडाची, टॉवरची किंवा देवळाच्या कळसाची काळी आकृती फ्रेममध्ये घ्यावी.

‘टाळ्या, फटाका’

हा सल्ला फोटोसाठीही वाईट आणि कावळ्यांसाठीही. दचकलेला थवा एकाच वेळी सरळ वर उसळतो आणि फुटतो. फोटोत एकमेकांवर आलेल्या पंखांचा चिखल मिळतो. काळोख पडता पडता उठवलेले पक्षी तारांच्या जाळ्यात परत जागा शोधतात, आणि रोज त्रास झाला तर रातथाराच हलवतात. मग पुढच्या आठवड्यात गेलेल्याला मोकळं झाड. कावळाच तर आहे ना, असंही वर ऐकवलं जातं. वन्यजीव कायद्यात कावळा एकेकाळी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता, पण २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली.

शिवाय उडवायची गरज पडत नाही. झाडात शिरलेले कावळे पूर्ण निजण्याआधी आपणहून पुन्हा पुन्हा उठतात. एखादी घार जवळून जाते, घुबड हलतं, जागेवरून भांडण होतं आणि झाडाचा एक भाग उसळून परत बसतो. हे उठणं एका बाजूने लाटेसारखं येतं, त्यामुळे पंख सुटे सुटे दिसतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून, एक झाडावर आणि एक व्ह्यूफाइंडरवर, तीन-चार फ्रेमचे छोटे बर्स्ट मारावेत. सलग दाबून धरलं की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि मोठी लाट नेमकी तेव्हाच येते.

उभं राहायचं ते झाडापासून वीस-तीस मीटर दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. टोपी हवीच. विष्ठा लेन्सवर पडली तर कोरड्या कापडाने घासू नये, त्यातल्या कचकचीने काच ओरखडते. ओल्या मऊ कापडाने टिपून घ्यावी. खाली मेलेले कावळे दिसले तर हात लावू नये आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावं. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातही मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता.