रॉड न जाळता वेल्डर? – ‘हिंगण्याचा एक उद्योजक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

मागच्या लेखाखाली आपण ‘हिंगण्याचा एक उद्योजक’ या नावाने भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. खरं नाव दिलं असतं तर नावाने बोलता आलं असतं. असो.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेरोजगार पोरांना हाताला काम मिळावं असं सरकारला खरंच वाटत असेल, तर आयटीआयमध्ये नवी इमारत आणि डिजिटल फळा नंतर आणा, आधी वेल्डिंगच्या सरावाचे रॉड आणि लोखंडी प्लेट आणा, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपलं म्हणणं असं: मास्तर लोकांना भंगाराचं प्रेम असतं, लेखात पगाराबद्दल अवाक्षर नाही, मुली कुठेच दिसत नाहीत, दहा वर्षांत रोबो येणार आहेत. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘रॉड जाळणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे मास्तर, सिम्युलेटरवर आठ दिवसांत पोट्ट्याचा हात बसतो, पण एसीत बसून लेख लिहिणाऱ्यांना हे कसे कळणार?’

आधी एसीचं बघू. वेल्डिंग शॉपमध्ये एसी नसतो साहेब. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हाही बूथकडे तोंड करून पंखा लावता येत नाही, कारण वारा लागला की सीओटू आणि टिग वेल्डिंगमध्ये जोड झाकणारा गॅस उडून जातो आणि जोडात बारीक भोकांची जाळी पडते. रॉडने करायच्या हात वेल्डिंगलाही जोराचा वारा सोसत नाही. अंगावर चामड्याचा एप्रन, हातात कोपरापर्यंत मोजे, तोंडावर दहा-अकरा नंबरची काच. एकोणीस वर्षं शिल्प निदेशक म्हणून वेल्डिंग ट्रेडला उभा आहे, एवढं सांगून हा विषय संपवतो. ‘मास्तर’ म्हणालात त्याचा राग नाही. ज्या सुरात म्हणालात त्याचा आहे. मतभेद असावेत, पण समोरचा माणूस काय करतो हे विचारायच्या आधीच त्याला खुर्चीत बसवून मोकळं होणं बरं नव्हे.

एक चूक मात्र आपण बरोबर पकडलीत आणि ती मोकळेपणाने मान्य करतो. ‘रॉड साडेतीनशे डिग्रीला दोन तास भाजून घ्या’ असं मी सरसकट लिहून गेलो. ते ७०१८ नंबरच्या रॉडला लागू आहे, ६०१३ नंबरच्या रॉडला नाही. ७०१८ लो हायड्रोजन आहे. त्याच्या कोटिंगमध्ये (वरच्या लेपात) ओल राहिली तर हायड्रोजन जोडात शिरतो आणि तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जातो. म्हणून ते तीनशे ते साडेतीनशेला भाजायचे आणि वापरेपर्यंत शंभराच्या वर गरम ठेवायचे. ६०१३ चं कोटिंग वेगळं, त्याला थोडी ओल लागतेच. साडेतीनशेला टाकलं तर कोटिंग जळतं आणि आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) नीट चालत नाही. त्याला शंभर-एकशेदहाला तासभर सुकवणं पुरे, तेही पाऊस लागल्यावर. मे महिन्यात उघडं पडलेलं पाकीट आपल्याकडे चालून जातं, जुलैत तेच तडतडतं. लेखात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

आता सिम्युलेटर, म्हणजे खरी आर्क न पेटवता पडद्यावर वेल्डिंगचा सराव देणारं यंत्र.

मी तो पाहिलेलाच नाही असं आपण धरून चाललात. हेल्मेटच्या आत पडदा, हातात खोटा होल्डर, समोर प्लॅस्टिकचा जॉब (सरावाचा तुकडा). रॉडचा कोन, आर्कची लांबी आणि हाताचा वेग हे तिन्ही तो मोजतो आणि शंभरापैकी गुण देतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत पोरगं आर्क मारताना दर वेळी रॉड चिकटवून बसतं, तेव्हा याचा उपयोग होतो. होल्डर धरायची ढब बसते, मनगट सैल होतं, रॉडही वाचतात. एवढं मी आनंदाने मान्य करतो. पण आपण लिहिलंत, ‘हात बसतो’. साहेब, कुठला हात?

थ्रीजीचा जॉब घ्या, उभी प्लेट, खालून वर. दहा मिमी जाडीचे दोन तुकडे, प्रत्येकाला तीस डिग्रीचा बेव्हल (तिरपी कड), दीड मिमी रूट फेस (कडेचा तळाशी सरळ ठेवलेला भाग), मध्ये अडीच मिमी गॅप. पोरगं दोन्ही टोकांना अडीचचीच गॅप ठेवून टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारतं आणि रूट (जोडाचा तळाचा पहिला थर) चालवत वर जातं. अर्ध्यावर गेल्यावर गॅप दीडवर आलेली असते, कारण खालचा जोड थंड होताना प्लेटी ओढून घेतो. रॉड आत शिरत नाही, मागच्या बाजूला रूट उतरत नाही. हे एकदा हाताने भोगलं की दुसऱ्या वेळी तो खाली अडीच आणि वर तीन ठेवतो, टॅक लांब आणि पक्के मारतो, आणि प्लेटी दोन-तीन डिग्री उलट्या कलवून बसवतो, म्हणजे जोड आकसल्यावर त्या सरळ येतात. पडद्यावरची गॅप ओढली जात नाही. जिथे लोखंड आकसत नाही तिथे हे काय शिकवणार?

मग रूटचं भोक, ज्याला कीहोल म्हणतात. अडीचच्या ७०१८ रॉडला करंट सत्तर-नव्वद ॲम्पिअर. भोक रॉडपेक्षा किंचित मोठं राहिलं पाहिजे. मोठं होत चाललं तर धातू खाली ओघळतो, बुजलं तर मागे काहीच उतरत नाही. नवा पोरगा भोक पाहून घाबरतो आणि करंट कमी करतो. करंट कमी झाला की स्लॅग (कोटिंग वितळून होणारा मळ) वर तरंगायच्या ऐवजी कडेला अडकतो. वरून रन (वेल्डचा एक थर) देखणा दिसतो, आत काळी रेघ. आणि मुळात स्लॅग कुठला आणि वितळलेला धातू कुठला, हे काचेतून ओळखणं हीच हात वेल्डिंगमधली खरी विद्या आहे. दोन्ही लालभडक असतात, फरक फक्त चकाकीचा आणि वाहण्याचा. तो फरक डोळ्यात उतरायला किती रॉड जातात हे पोरागणिक वेगळं, पण आठ दिवस कोणालाच पुरत नाहीत.

अजून सांगतो. तिसऱ्या रनपर्यंत प्लेट इतकी तापलेली असते की पहिल्या रनचा करंट आता जास्त होतो. थांबायचं की नॉब फिरवायचा, हे प्लेटीचा रंग आणि चिपिंग करताना (स्लॅग ठोकून काढताना) लागणारी धग सांगते. डीसीवर प्लेटीच्या टोकाशी आर्क एका बाजूला पळतो, तेव्हा अर्थिंगचा क्लॅम्प हलवून पाहावा लागतो. ७०१८ चा रॉड संपला की नवा रॉड आधीचा जिथे संपला त्या खड्ड्याच्या थोडा पुढे पेटवून मागे आणावा लागतो, नाहीतर दर जोडावर भोकांची रांग. ठिणगी कॉलरमधून आत गेली तरी हात हलता कामा नये. यातलं एकही आपल्या यंत्रात नाही. गुण मात्र ब्याण्णव मिळतात!

बरं, आठ दिवसांत बसलेल्या हाताचा दाखला मागायचा तर बेंड टेस्ट आहे. जोडातून दोन पट्ट्या कापा, एक फेस (वरची बाजू) तपासायला, एक रूट तपासायला, वरचा उंचवटा घासून सपाट करा आणि १० मिमीच्या पट्टीला ४० मिमीच्या मँड्रेलवर (गोल दांड्यावर) पूर्ण वाकवा. वाकलेल्या भागावर तीन मिमीपेक्षा मोठी चीर दिसली की नापास. प्रेस नसेल तर टी-जोड एकाच बाजूने मारा, तुकडा व्हाइसमध्ये धरा आणि घणाने उलट पाडा. तुटलेल्या तोंडात रूट गेला की नाही हे पोराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. यासाठी लाखांचं यंत्र लागत नाही, घण लागतो.

भंगाराच्या प्रेमाबद्दल आकडे मांडतो, म्हणजे प्रेम किती महाग आहे ते कळेल. वर सांगितलेला दीडशे मिमी लांबीचा एक जोड भरायला सहा ते आठ रॉड जातात. तुकडे शंभर मिमी रुंदीचे घेतले तर एका जोडाला सव्वादोन किलोच्या वर लोखंड लागतं. वीस पोरं, दिवसाला प्रत्येकी दोन जोड, म्हणजे सुमारे २८० रॉड, अकरा-बारा किलो, आणि नव्वद किलोंच्या वर प्लेट. एका दिवसाचं! म्हणून प्लेट पुरवून पुरवून वापरावी लागते. आधी कोऱ्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी नुसते रन मारून घ्यायचे, मग कडांना बेव्हल करून जोडायचं, जोड तपासून कापून टाकायचा आणि उरलेल्या तुकड्यांना पुन्हा बेव्हल. तुकडा हातात धरवत नाही इतका अरुंद होईपर्यंत. सरावाचा तुकडा पाण्याच्या बादलीत बुडवून थंड केला तर चालतो, बेंड टेस्टचा जॉब मात्र कधीच बुडवायचा नाही. पोरं घाईत बुडवतात, मग चीर पडली की रॉडला दोष देतात.

वेळेचा हिशेबही ऐका. एक वर्षाच्या ट्रेडला आता १२०० तास आहेत, त्यातले प्रात्यक्षिकाचे ८४०. वीस पोरांत आठ बूथ चालू आहेत असं धरू (धरू म्हणतोय, प्रत्येक ठिकाणी असतात असं नाही). म्हणजे एका पोराच्या वाट्याला बूथचे ३३६ तास. त्यातला पाऊण वेळ कापणं, घासणं, टॅक, चिपिंग यात जातो. उरले चौऱ्याऐंशी तास आर्कचे. एक रॉड दीड मिनिटाचा धरला तर तीन हजारांच्या वर रॉड. एवढे रॉड कुठल्या पोराला मिळतात? अडचण तासांची नाही, अभ्यासक्रमाचीही नाही. प्रवेश ऑगस्टमध्ये होतात, इंडेंट (साहित्याची मागणी) जातं, दरपत्रकं, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, मंजुरी, आणि रॉड येतात तेव्हा मार्चअखेरचा खर्च दाखवायची घाई लागलेली असते. तोवर पोरं चार जण मिळून एक रॉड जाळतात आणि बाकीचे तीन बघतात. लेखाचा सगळा मुद्दा एवढाच होता: साहित्याची खरेदी प्रवेशाच्या आधी व्हावी, आणि ‘प्रति विद्यार्थी किती किलो रॉड’ हा आकडा संस्थेच्या दारावर लिहावा. आपण तो वाचलात की शीर्षक पाहूनच लिहायला बसलात, देव जाणे.

राहिलेले मुद्दे. रोबोला प्रोग्राम देणाऱ्यालाही चांगला जोड कसा दिसतो हे माहीत असावं लागतं, आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या बॉयलरच्या ट्यूबा बदलताना दोन ट्यूबांच्या फटीत आरसा धरून माणूसच वेल्ड करतो, तोही बॉयलर रेग्युलेशनची परीक्षा पास झालेला. मुलींचा मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे. पगाराबद्दल मी लिहिलं नाही म्हणता. पगार आपण देता साहेब, मला काय विचारता?

आणि विषय निघालाच आहे तर. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असतील, कंत्राटी धरून, तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. अडीच टक्के म्हणजे चाळीसात एक. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला दीड हजारांपर्यंत, केंद्र सरकार देतं. ‘आयटीआयचा पोरगा काहीच कामाचा नसतो’ असंही आपण लिहिलंय. तो चाळीसातला एक आपल्याकडे आहे का? असेल तर वर्षभर त्याच्या हातात काय आहे, होल्डर की ग्राइंडर? बहुतेक शॉपमध्ये ग्राइंडर असतो, हे आपणही जाणता. दिवसातला एकच तास त्याला आपल्या चांगल्यातल्या चांगल्या वेल्डरशेजारी बूथ द्या, ऑफकटवर (कापून उरलेल्या तुकड्यांवर) जोड मारू द्या, आठवड्याला एक जोड घणाने तोडा आणि तुकड्यावर तारीख घाला. सहा महिन्यांनी तुकडे ओळीने मांडून बघा, मग आपण सिम्युलेटरवर बोलू.

आवाज चढला असेल तर चढला, प्रतिक्रियेचा सूर आपणच लावला होता. पण एक काम सांगतो, जमलं तर करा. आपल्या शॉपमधून रोज ऑफकट भंगारवाल्याकडे जातात. आठ ते बारा मिमी जाडीच्या, दीडशे मिमीच्या वर लांबीच्या माइल्ड स्टीलच्या पट्ट्या बाजूला काढून ठेवा. गॅसने कापलेली कड चालते, ती आम्ही घासून घेतो. जवळच्या कुठल्याही आयटीआयच्या प्राचार्यांच्या नावे साधं पत्र द्या, म्हणजे स्टॉक रजिस्टरला नोंद होते. संस्था व्यवस्थापन समितीवर अध्यक्ष उद्योगातलाच असतो, त्यांच्यामार्फत दिलंत तर आणखी सोपं. फक्त रंग मारलेल्या आणि गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पट्ट्या पाठवू नका. जस्ताच्या धुराने पोरांना रात्री थंडी वाजून ताप भरतो.