आधी खालचं ग्राउंड, मग नागमोडी वळणं

नमस्कार. डिफरन्शिअल पेअर म्हणजे एकमेकांच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन ट्रेस (सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा). त्यांची लांबी जुळवण्याआधी त्यांच्याखालचं ग्राउंड प्लेन, म्हणजे तांब्याचा थर, सलग ठेवा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा: 'डिफरन्शिअल पेअरमध्ये एका ट्रेसमधून गेलेला करंट दुसऱ्यातून परत येतो, मग ग्राउंड प्लेनचा एवढा बाऊ कशाला? लांबी जुळवायला शिकवायचं सोडून नवशिक्यांची दिशाभूल करताय.'

ट्विस्टेड पेअर केबलसाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथे जवळ दुसरी तार सोडून काही नसतंच. पण चार लेयरच्या बोर्डावर ट्रेसखाली साधारण ०.२ मिमीवर प्लेन असतं. ट्रेसचं कपलिंग (विद्युत जोड) शेजारच्या ट्रेसपेक्षा त्या तांब्याशी जास्त, म्हणून परतीचा बहुतेक करंट प्रत्येक ट्रेसच्या थेट खालून वाहतो. तिथे प्लेनमध्ये खाच आली की यूएसबीचा ९० ओहमचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) त्या जागी वर चढतो. शिवाय पेअरमध्ये थोडाफार कॉमन मोड (दोन्ही ट्रेसवर सारखाच असलेला सिग्नल) असतोच. त्याला खाचेला वळसा घालून परतावं लागतं आणि बोर्ड रेडिएट करायला, म्हणजे रेडिओ लहरी फेकायला लागतो.

हे मी स्वतः भोगलंय. एका बोर्डावर यूएसबी २.० ची पेअर ०.१ मिमीपर्यंत जुळवली होती, पण ॲनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळं ठेवायच्या नादात तिच्याखालून ४ मिमी रुंद खाच गेली. शेजारचा रिले पडला की पेन ड्राइव्ह डिस्कनेक्ट व्हायचा. दोन आठवडे मी फर्मवेअरमध्ये चूक शोधत बसलो. पुढच्या रिव्हिजनमध्ये फक्त ती खाच भरली, पेअरला हातही लावला नाही. तक्रार गेली.

आता लांबीचं. एफआर-४ (बोर्डाचं नेहमीचं मटेरियल) च्या बाहेरच्या लेयरवर सिग्नलला १ मिमीसाठी सुमारे ६ पिकोसेकंद लागतात. यूएसबी २.० च्या ४८० एमबीपीएसला एक बिट जवळपास २०८३ पिकोसेकंदांचा. तिथे अर्ध्या मिमीच्या फरकासाठी आखूड ट्रेसला नागमोडी वळणं घालून पेअर प्लेनच्या कडेला ढकलणं मला अजिबात पटत नाही.

मात्र पीसीआय एक्स्प्रेस जेन ३ (कॉम्प्युटरमधली बरीच वेगवान जोडणी) मध्ये बिट १२५ पिकोसेकंदांचाच असतो, तिथे हेच ६ पिकोसेकंद जाणवतात. लेखात मी वेगाची मर्यादा लिहिली नव्हती. ती चूक माझी, आज दुरुस्त करतो. जुळवणी करायचीच तर ज्या वळणावर फरक पडला त्याच्या लगतच करा, दुसऱ्या टोकाला नको. नाहीतर मधल्या सगळ्या अंतरात कॉमन मोड वाहत राहतो.

तुमचा बोर्ड १.६ मिमीचा, दोन लेयरचा असेल तर प्लेन दूर असल्याने तुमचा मुद्दा बराच लागू पडतो. स्टॅकअप (लेयरची रचना) कळवा, त्यावर नीट बोलू.