तारीख टाकायला पैसे पडतात का?

पूर येवो, वादळ येवो, पाणी चढायच्या आधी आमच्या ग्रुपवर मेसेज चढतात. "अर्जंट! गच्चीवर आठ जण अडकलेत, दोन लहान मुलं आहेत, प्लीज फॉरवर्ड." खाली मोबाइल नंबर. कुठल्या दिवशीचं, किती वाजताचं, काही नाही. तारीख टाकायला पैसे पडतात का रे?

मागच्या वेळी असाच एक नंबर मी लावला. चारदा एंगेज, पाचव्यांदा लागला. पलीकडून दमलेला आवाज आला, "दादा, आम्ही परवाच बाहेर पडलो. सकाळपासून हेच सांगतोय सगळ्यांना. ठेवा आता, बॅटरी संपत आलीय आणि आईचा फोन यायचाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रुपवर लिहिलं, "हे लोक सुखरूप आहेत, पुढे पाठवू नका." दोन अंगठे आले. दहा मिनिटांनी त्या अंगठ्यांच्याच खाली परत तोच मेसेज!

बोललं की म्हणतात, "असू दे ना, एखाद्याचा जीव वाचला तर?" अहो, रिकाम्या गच्चीकडे बोट धाडली तर दुसऱ्या गच्चीवरच्यांनी काय करायचं?

आणि ते "अ‍ॅज रिसीव्ह्ड"! हे दोन शब्द टाकले की झालं, हात झटकून मोकळे. खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये जावा, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने 2020 मध्ये घातली. आमच्याकडचे हुशार लोक तो कॉपी करून नव्याने चिकटवतात. एरवी यांना साधी पीडीएफ उघडता येत नाही.

फोटोंचं तर विचारूच नका. 2015 च्या नेपाळ भूकंपात धाकट्या बहिणीला कवटाळून बसलेल्या मुलाच्या फोटोवर जग रडलं. तो निघाला व्हिएतनामचा, 2007 चा, भूकंपाशी काडीचा संबंध नसलेला. रस्त्यावरच्या पाण्यात पोहणारा तो शार्क तर 2011 पासून दर मोठ्या वादळात नव्या शहरात हजर. खोटा आहे हे शंभरदा सांगून झालं, तरी "बापरे!!" लिहिणारे आहेतच.

हे लिहितानाच ग्रुपवर टिंग वाजलं. नासाने म्हणे रात्री साडेबाराला मोठ्या भूकंपाचा धक्का सांगितलाय. काका, भूकंपाची वेळ आधी सांगणं अजून कुणालाच जमलेलं नाही. झोपा आता.