सोलापूरच्या ढालीवर धोटा हवा

गेल्या आठवड्यात माझी सातवीतली पुतणी चित्रकलेची वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, आपल्या शहरासाठी एक मानचिन्ह काढून आणायला सांगितले आहे. देऊळ काढू की किल्ला?" त्या संध्याकाळी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. तेव्हा जे सांगायचे राहून गेले ते येथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आपणा सर्वांनाच पडायला हवा असे मला मनापासून वाटते.

मानचिन्हाची युरोपातली पद्धत रणांगणावरून आली. चिलखतात आणि शिरस्त्राणात झाकलेला योद्धा लांबून ओळखू यावा म्हणून त्याच्या ढालीवर ठळक चिन्ह रंगवीत. गडद रंगावर सोनेरी किंवा रुपेरी आकृती, अथवा त्याच्या उलट, हा त्या कलेचा दंडकही त्याच गरजेतून पडला. पुढे हीच ढाल शहरांनी आपलीशी केली. आपल्याकडेही लांछनाची, म्हणजे राजचिन्हाची, परंपरा मोठी आहे. चालुक्यांचा वराह आणि यादवांचा गरुड आपल्याला ठाऊक आहेत. शिवछत्रपतींच्या मुद्रेवर तर चित्रच नाही, केवळ शब्द आहेत, आणि महाराष्ट्र राज्याच्या मुद्रेवर आज समईभोवती त्याच "प्रतिपच्चंद्रलेखेव" श्लोकाचे रूप कोरलेले आहे. मात्र राजाची मुद्रा सत्तेची ग्वाही देते. शहराच्या चिन्हाने, माझ्या मते, तिथली माणसे कशावर जगली ते सांगावे.

कोलकात्याचे उदाहरण मला फार आवडते. १८९६ साली त्या महापालिकेला मिळालेल्या मानचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना हाडगिला नावाचे, करकोच्याच्या जातीचे उंच पक्षी उभे होते. दिसायला हा पक्षी मुळीच राजबिंडा नव्हे. टक्कल पडलेले डोके, गळ्याखाली लोंबणारी पिशवी. पण त्या काळच्या कोलकात्यात रस्त्यांवरची घाण आणि मेलेली जनावरे खाऊन तो शहर साफ ठेवत असे. सिंह आणि गरुड सोडून या सफाई करणाऱ्या पक्ष्याला मानाची जागा द्यावी असे ज्यांना सुचले, त्यांना शहर कळले होते असे मी म्हणेन. मुंबई महापालिकेचे "यतो धर्मस्ततो जयः" हे वाक्य थोर आहे, पण ते कोणत्याही शहराला शोभेल; हाडगिला फक्त कोलकात्याचाच.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र मँचेस्टरचे आहे, कारण तेही कापसावर वाढलेले गिरण्यांचे गाव. १८४२ साली मिळालेल्या त्याच्या मानचिन्हात ढालीच्या वरच्या पट्ट्यात शिडांचे जहाज आहे, आणि तेही समुद्रापासून दूर असलेल्या शहरात. त्या शहरापर्यंत जहाजे आणणारा कालवा १८९४ साली खुला झाला, म्हणजे ढालीवर जहाज आधी आले आणि पाण्यातले नंतर. ढालीच्या एका बाजूला हरिण आणि दुसऱ्या बाजूला सिंह आहे. सर्वांत वर पृथ्वीचा गोल आहे आणि त्या गोलावर मधमाश्या उडताहेत. मधमाशी म्हणजे राबणारा माणूस. १८७७ साली तिथले भव्य नगरभवन उघडले तेव्हा त्याच्या फरशीतही याच मधमाश्या जडवल्या गेल्या, आणि त्याच १८७७ साली आपल्या सोलापुरात जुनी मिल सुरू झाली. हा योगायोग मला विसरता येत नाही.

मधमाशीचा गौरव करणाऱ्यांनी मध कोणाला दिला, हेही येथे नमूद केले पाहिजे. मानचिन्ह मिळाले त्याच १८४२ च्या ऑगस्टमध्ये मजुरीतील कपातीविरुद्ध तिथल्या गिरण्या संपाने बंद पडल्या होत्या. तरीही चिन्ह टिकले, कारण लोकांनी ते आपले मानले. २०१७ साली तिथे बॉम्बस्फोट झाला तेव्हा शहराने दुःख व्यक्त करायला हीच मधमाशी निवडली आणि हजारो लोकांनी ती अंगावर गोंदवून घेतली. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे चिन्ह संकटात असे आपसूक आठवते, याहून मोठा पुरावा मला नको.

आता आपले सोलापूर. माझे मत असे की ढालीच्या मधोमध धोटा असावा. नव्या पिढीला हा शब्दही परका झाला आहे, म्हणून सांगतो. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा वाहून नेणारे, होडीच्या आकाराचे लाकूड, ज्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या असतात आणि पोटात सुताची कांडी असते. माझे वडील गिरणीत मागावर होते. त्यांचा एक धोटा आजही आमच्या कपाटात आहे. त्याच्या बाजूला चिनी मातीचा बारीक डोळा आहे. नवी कांडी भरली की त्या डोळ्याला तोंड लावून, श्वास आत ओढून धागा बाहेर काढावा लागे. पाळीत असे कितीतरी वेळा. त्याबरोबर सुताचे बारीक तंतू छातीत जात, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागे. मँचेस्टरच्या भोवतालच्या लँकेशायरमधील विणकरांनीही हेच केले. हात लागून गुळगुळीत झालेले ते लाकूड मी हातात घेतो तेव्हा सोलापुरी चादरीची खरी किंमत मला कळते.

धोट्यामागे ताण्याचे चार उभे धागे असावेत, चार रंगांचे. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा या शहरात एकाच गल्लीत ऐकू येतात. आणि स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हेही चारच. १९३० साली नगरपालिकेच्या इमारतीवर जो राष्ट्रध्वज चढला त्याच्या मधोमध चरखा होता, म्हणजे त्या लढ्यातही सूत होतेच. इंग्रजांचा मार्शल लॉ सोसलेल्या गावाने ही आठवण ढालीवर ठेवलीच पाहिजे.

ढालीच्या दोन्ही बाजूंना सिंह नकोत, नंदीध्वज हवेत. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे सात नंदीध्वज निघतात, आणि पांढऱ्या बाराबंदीतला माणूस ती उंच काठी कमरेवर तोलून चालतो तेव्हा सगळा रस्ता श्वास रोखून पाहतो. ढाल तोलून धरायला याहून योग्य कोण? किल्ला वरच्या मुकुटात घ्यावा; युरोपातही शहराच्या ढालीवर तटबंदीचाच मुकुट ठेवतात, आणि भुईकोटाचे बुरूज तिथे शोभतील.

देऊळ मध्यभागी का नाही, असे कोणी विचारील. सिद्धरामेश्वरांवर माझी श्रद्धा आहे. पण त्यांनीच लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला असे आपली परंपरा सांगते, आणि श्रम हीच पूजा ही शरणांची शिकवण. "कायकवे कैलास" (श्रम हाच कैलास) हे कानडी वचन बोधवाक्य म्हणून घ्यावे असा मोह मलाही झाला. तरी खालची पट्टी मी रिकामी ठेवीन. चार भाषांतली कोणतीही एक निवडली तर उरलेल्या तीन घरांत ती वाचून दाखवावी लागेल. धोटा चौघांनाही वाचता येतो.

काल पुतणीला वडिलांचा धोटा दाखवला. तिने तो वहीवर आडवा ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढली, मग डोळ्याशी थांबून विचारले की धागा आतून बाहेर येतो की बाहेरून आत जातो. मी धोटा तोंडाला लावून तिला दाखवले.