काच पुसायची तर आधी कोणत्या मेन्यूत जायचं?

इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटातून परवा जिवंत खाली उतरलो तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. धो धो पाऊस, पुढे लोडेड ट्रॉला रांगतोय, मागे खंडव्याची बस हॉर्न दाबून अगदी ढुंगणाला चिकटलेली, आपल्या पिकअपच्या हौद्यात सबमर्सिबल मोटर आणि पीव्हीसी पाइप, माल बडवाहला पोचवायचा, आणि समोरची काच आतून वाफ धरून पांढरीफटक. आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? हात पुढे करेल, नॉब फिरवेल, हवा काचेवर, झालं. रस्त्यावरची नजरसुद्धा हलत नाही.

पण नाही भिया. या गाडीत नॉब नाही. या गाडीत 'एक्स्पिरियन्स' आहे.

स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं पंख्याचं चित्र. ते दाबलं की एक पान उघडतं, पानावर एक माणूस बसलाय, त्याच्या तोंडावर बाण, पायांवर बाण, आणि काच? काच पुढच्या पानावर, बोटाने सरकवा. सरकवायला गेलो तर खड्डा आला, बोट उडून भलतीकडे पडलं आणि केबिनमधली शोभेची लाइट जांभळी झाली. समोरचं काही दिसत नाहीये, ट्रॉला कुठाय कळत नाहीये, आणि मी जांभळ्या उजेडात बसलोय. बरं, ती जांभळी बंद करायला अजून तिसरंच पान, ते सोडलं.

आणि नेमका तेव्हाच मामींचा फोन. फोन आला की पूर्ण स्क्रीनभर मामी. मामींचा लग्नातला फोटो, हिरवं बटण, लाल बटण, एसी गायब! अरे, गाडी कोण चालवतंय, मी की मामी? फोन कट केला. मामी परत. आमच्या मामींचा ठाम समज आहे की फोन कट झाला म्हणजे रेंज गेली, कोणी मुद्दाम कट करेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही, त्यामुळे त्या लावत राहिल्या आणि मी कट करत राहिलो आणि तेवढ्यात काच आणखी पांढरी.

शेजारी दादा बसलेला. तो म्हणतो, अरे बोलून सांग ना तिला, जाहिरातीत बोलतात तसं. मराठी तर तिला येत नाहीच, मग हिंदीत म्हटलं, काँच साफ करो. गाडी अगदी गोड आवाजात म्हणाली, काँच मंदिर, इतवारिया बाजार, आणि रस्ता दाखवायला घेतला. पुढे यू-टर्न घ्या. घाटात! बस मागे, दरी बाजूला, आणि मी यू-टर्न घेऊन जैन मंदिराच्या दर्शनाला निघू? मग मी जे ओरडलो ते इथे लिहिता येत नाही. दादा शांतपणे म्हणाला, अरे ओरडू नको, तुझ्याच वाफेने काच अजून धरतेय. आणि खरंच धरत होती. स्टिअरिंगवर ओणवा होऊन गाडीला शिव्या घालणारा पन्नाशीचा माणूस, आणि प्रत्येक शिवीगणिक त्याला समोरचं अजून कमी दिसतंय. शेवटी दादाने देवाच्या प्रसादाची कापडी पिशवी काढून काच पुसली. दहा इंची स्क्रीनवाली गाडी, आणि कामाला आली प्रसादाची पिशवी.

आता कोणी शहाणा येऊन सांगू नका की रीसर्क्युलेशन बंद ठेवायचं, बाहेरची हवा घ्यायची, एसी चालू ठेवला की हवा कोरडी होते. माहितीये मला. श्वासातली वाफ आतच फिरत राहते म्हणून काच धरते, हे मला बाबांच्या जुन्या पिकअपपासून माहितीये. प्रश्न तो नाहीये. ते रीसर्क्युलेशनचं बटण आहे कुठे, प्रश्न हा आहे, आणि गाडी बंद करून चालू केली की ते आपोआप परत का लागतं हा त्याच्या पुढचा. त्या जुन्या गाडीत तीन गोल नॉब होते. हिवाळ्यात हातमोजे घालून फिरव, ग्रीसच्या हाताने फिरव, अंधारात फिरव, चालायचे. इथे ओलं बोट लागलं की स्क्रीन रुसते. आता पिकअपवाल्याचं बोट कोरडं आणि स्वच्छ कधी असतं, कोणी सांगेल का? पाइपाचं सोल्युशन लागलेलं असतं, चिखल असतो. ही गाडी ज्याने बनवली त्याने हौद्यात आयुष्यात एक गोणी तरी टाकलीये का?

आणि रिव्हर्स! सियागंजच्या गल्लीत रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर कॅमेरा, चांगलं आहे, कॅमेरा पाहिजेच. पण मग आवाज कमी करायचा कुठून? मागे हम्माल ओरडतोय "आने दो, आने दो, बस बस बस", आणि गाडीत फुल व्हॉल्यूममध्ये भजन, बस बस ऐकूच येत नाही. स्टिअरिंगवरचं बटण? तेही टच. वळवताना तळवा घासला की चॅनल बदलतो. शिवाय ते काळं चकाकतं प्लास्टिक, पियानो ब्लॅक म्हणे. दोन मिनिटांत धूळ आणि बोटांचे ठसे. इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं ते माझ्या डॅशबोर्डच्या जिवावर नक्कीच नाही.

घरीही हेच. इंडक्शनला टच, दूध वर आलं, पडलं, ओल्या काचेवर बटण लागेना आणि दूध येतच राहिलं. पोहे खायला गेलो तर क्यूआर स्कॅन करा. अरे, समोर कढई आहे, त्यात पोहे आहेत, स्कॅन काय करू?

स्वीडनच्या 'वी बिलागारे' मासिकाने 2022 मध्ये हे मोजून दाखवलंय. ताशी 110 च्या वेगाने गाडी चालवत चार साधी कामं करायची. 2005 ची बटणवाली जुनी व्होल्वो, दहा सेकंद, 306 मीटर. टचवाल्यांतली सगळ्यात ढ गाडी, 44.6 सेकंद, म्हणजे सव्वा किलोमीटरच्याही वर गाडी गेली. आमच्या घाटात सव्वा किलोमीटरमध्ये किती वळणं येतात मोजून बघा. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपने पण 2026 पासून पूर्ण गुण हवे असतील तर पाच गोष्टींना खरी बटणं मागितलीत: इंडिकेटर, हझार्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि संकटात मदत बोलवायचं एसओएस. वा! काचेवरची हवा त्या पाचांत नाहीच. बाहेरून पाऊस पुसायची सोय पक्की, आतून आंधळा झालात तर तुमचं तुम्ही बघा.

शोरूमवाला म्हणाला होता, सर प्रीमियम फील येतो. कसला प्रीमियम! एक स्क्रीन चिकटवली की दहा-वीस बटणं, त्यांचे साचे, त्यांच्या वायरी, सगळ्याचा खर्च वाचतो, तो वाचवला त्यांनी आणि फील आला मला. काल सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडलो. त्या पोराने हसत हसत अपडेट टाकून दिलं. अपडेटनंतर पंख्याचं चित्र डावीकडून उजवीकडे गेलंय, आणि मधे नवीन आलंय, हवामान. म्हणजे बाहेर पाऊस पडतोय हे आता गाडी मला सांगणार.

तिथून तडक जेल रोडला गेलो आणि काचेला लावायचा छोटा पंखा आणला, स्वस्तातला, मस्त नॉबवाला, कट्ट करून फिरतो. घरी येऊन लावायला घेतला तर त्याची पिन बारा व्होल्टच्या गोल सॉकेटची, आणि आपल्या प्रीमियम गाडीत नुसते टाइप-सी.